वासोट्याला एक टेबल हवं

डिसेंबर उजाडला की तालुक्यातालुक्यांत शाळांची विज्ञान प्रदर्शनं भरू लागतात. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य. या प्रदर्शनांत मुलांनी स्वतः रचलेल्या काल्पनिक अंतराळयानांसाठी एक विभाग असावा, अशी माझी मागणी आहे. आज असं यान कागदावर काढून नेलं तर 'हे चित्रकलेच्या स्पर्धेला द्या' असं ऐकून घ्यावं लागतं. मला हे चूक वाटतं. मुलं हिरमुसतात हे आहेच, पण त्याहून मोठं नुकसान विज्ञान शिकवण्याचं होतं. ते कसं, हे सांगायला मला एका यानाच्या आत शिरावं लागेल.

यानाचं नाव वासोटा. ते माझ्या पुतणीचं. ती नववीत आहे, आणि मी साताऱ्याच्या एमआयडीसीत ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. घरात ड्रॉइंगच्या जुन्या ए-वन आकाराच्या शीट पडून होत्या, ड्रॉइंग बोर्ड होता, तिनं ते सगळं ताब्यात घेतलं. वासोटा हेच नाव का, विचारलं. बामणोलीहून लाँचमध्ये बसून शिवसागर ओलांडायचा, मग कोयनेच्या जंगलातली चढण चढायची, तेव्हा कुठं तो गड लागतो. "काका, लांब जायचंय ना, मग लांबच्या गडाचं नाव," ती म्हणाली.

जायचंय प्रॉक्सिमा सेंटॉरीला. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा हाच, आणि तरी अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं चाललंय. त्या वेगानं प्रॉक्सिमा गाठायचा तर ७५ हजार वर्षं लागतील. पुतणीनं हे गणित स्वतः केलं, पहिल्यांदा एक शून्य गळालं, पुन्हा केलं. मग तिनं वेग ठरवला. प्रकाशाच्या पाच टक्के, म्हणजे सेकंदाला १५ हजार किलोमीटर. पोचायला ८५ वर्षं. निघतील ते बहुतेक पोचणार नाहीत, त्यांची नातवंडं पोचतील. हे लक्षात आलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली होती.

मग इंधन. कलुगा नावाच्या रशियन गावातल्या शाळेत शिकवणारे, लहानपणीच ऐकू येणं जवळजवळ बंद झालेले त्सिओल्कोव्हस्की मास्तर. त्यांनी १९०३ साली छापलेलं समीकरण आजही प्रत्येक अग्निबाणाला लागू आहे. यानाला गाठायचा वेग भागिले इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग, हा आकडा त्यात घातांकाच्या जागी जाऊन बसतो. आजच्या उत्तम हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाचा झोत सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास. तेवढ्या झोतावर प्रकाशाचा नुसता एक टक्का वेग गाठायचा तर रिकाम्या यानाच्या किती पट इंधन लागेल? एकावर जवळपास २९० शून्यं, इतकी पट. दिसणाऱ्या अख्ख्या विश्वातले अणू मोजले तरी तो आकडा एकावर ८० शून्यांच्या आसपास येतो. घातांकाचा धडा पाठ्यपुस्तकात आहे. तो पोटात खड्डा पाडू शकतो, हे मात्र पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

म्हणून तिनं संलयनावर, म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळून निघणाऱ्या ऊर्जेवर, चालणारं इंजिन घेतलं. त्याला आधार होता. १९३३ साली इंग्लंडात लिव्हरपूलला अंतराळाच्या वेडानं झपाटलेल्या लोकांनी ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी काढली होती. त्याच सोसायटीच्या डझनभर शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी १९७३ ते १९७८ या काळात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, डिडॅलस नावाच्या यानाचा आराखडा केला. यान ५४ हजार टनांचं, त्यातलं ५० हजार टन इंधनच. बर्नार्डचा तारा हे मुक्काम, ५.९ प्रकाशवर्षं दूर. प्रकाशाच्या बारा टक्के वेगानं सुमारे ५० वर्षांत पोचायचं आणि न थांबता पुढं निघून जायचं, कारण थांबायला इंधन उरत नाही. त्या इंजिनाचा झोत सेकंदाला साधारण १० हजार किलोमीटरचा धरला होता. पुतणीनं तोच धरला. वासोट्याला वेग घ्यायला एकूण वजन रिकाम्या यानाच्या साडेचारपट हवं. पण वासोट्याला थांबायचंय, माणसं उतरवायचीत. तिला वाटलं दुप्पट करावं लागेल. दुप्पट होत नाही, साडेचारचा वर्ग होतो, वीसपट. 'थांबण्याची किंमत' असं तिनं शीटच्या कडेला लिहून ठेवलंय.

माणसं ८५ वर्षं तरंगत राहू शकत नाहीत, हाडं झिजतात. म्हणून यानाला एक फिरती रिंग. मिनिटाला दोन फेरे मारून पृथ्वीइतकं वजन वाटायला हवं असेल तर रिंगेची त्रिज्या २२४ मीटर लागते. परीघ १,४०० मीटर, म्हणजे शाळेच्या ४०० मीटरच्या ट्रॅकचे साडेतीन फेरे. ती एका सकाळी ते चालून आली. एवढ्या जागेत ३०० माणसांनी जन्मायचं, शिकायचं आणि म्हातारं व्हायचं. ही कल्पना तिला कागदावर कळली नव्हती, चालल्यावर कळली.

उष्णतेचा भाग माझ्या आवडीचा. खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक कोणी पाहिले नाहीत? तिथं निदान वारा असतो. अंतराळात वारा नाही, पाणी नाही, उष्णता घालवायची तर ती फक्त किरणांनी बाहेर जाते. सिनेमातल्या बहुतेक यानांना रेडिएटर नसतो, आमच्या वासोट्यालाही पहिल्या ड्रॉइंगमध्ये नव्हता. साध्या खोलीच्या तापमानाला एक मेगावॉट उष्णता बाहेर टाकायला दोन्ही बाजूंनी किरणं सोडणारा सुमारे ११ गुंठ्यांचा पत्रा लागतो. आणि संलयनाचं इंजिन म्हणजे कित्येक हजार मेगावॉट. सुटका एकाच गोष्टीत आहे. पत्र्याचं निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेलं, दुप्पट केलं तर सोळापट उष्णता बाहेर पडते. म्हणून वासोट्याचे पंख लाल तापलेले आहेत. हवेत उडायला त्यांचा काही उपयोग नाही, तिथं हवाच नाही. ते रेडिएटर आहेत, आणि हे तिनं ठळक अक्षरांत लिहिलंय.

ही शीट घेऊन ती शाळेत गेली. बाईंनी ती कौतुकानं पाहिली आणि वर्किंग मॉडेल आणायला सांगितलं. यान चालत नाही, म्हणून ते मॉडेल नाही. शेवटी तिनं सिरिंजा आणि सलाईनच्या नळीचा हायड्रॉलिक जेसीबी नेला. पास्कलचा नियम खोटा नाही, जेसीबी चाललाही. पण त्या हॉलमध्ये तसेच आणखी चार जेसीबी होते, त्याच रंगाचे, आणि एकाही मुलाला परीक्षकांनी असा प्रश्न विचारला नाही ज्याचं उत्तर त्याला आधीपासून पाठ नव्हतं. मी तिथं दोन तास होतो. बाईंना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात नियमांचा कागद होता. बदलायचा आहे तो कागद.

कुणी म्हणेल, हे फार परक्या मुलखातलं वेड आहे. मला उलट वाटतं. दिवाळीत आमच्या पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, घरोघरी किल्ले होत. फुटक्या विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, आळीव पेरून उगवलेली हिरवळ, कुंभाराकडचे मावळे, वर सिंहासनावर महाराज. नाव राजगड असलं तरी माच्या आमच्या मनाच्या असत. आणि किल्ला करण्याइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे तो बघायला लोक येणं. पेठेत एक निवृत्त सुभेदार होते. ते प्रत्येक किल्ल्यापुढं उकिडवे बसत आणि एकच विचारत, "पाणी कुठंय रं गडावर?" आम्ही घाईघाईनं वाटी पुरून टाकं करायचो. पुढच्या वर्षी ते विचारत, "हे एक आटलं तर?" मग दुसरी वाटी. मोठेपणी कळलं की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाबद्दल नेमकं हेच बजावलंय: आधी पाणी पाहावं, मग गड बांधावा, आणि एका पाण्यावर विसंबू नये. अंतराळयानाचा अभियंता प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेला जोडयंत्रणा देतो त्यामागचा विचार हाच आहे, आणि आम्ही तो पितळी वाटीनं शिकलो होतो.

काल्पनिक यानं करणाऱ्यांचं जग याच रीतीनं वाढलंय. १९६६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर स्टार ट्रेक या मालिकेत आलेलं एंटरप्राइझ हे यान मॅट जेफरीज या कलाकारानं आखलं होतं. ते नुसतं पाहून लोकांचं भागलं नाही. फ्रान्झ जोसेफ या विमानउद्योगातल्या ड्राफ्ट्समननं त्याचे मजल्यागणिक नकाशे काढले, ते १९७५ साली छापले गेले आणि हातोहात खपले. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या टेक्निकल मॅन्युअल या पुस्तकात त्यानं दूरचित्रवाणीवर कधीच न दिसलेली स्वतःची यानंही घातली होती. पुढं चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडल्यामुळं अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला १९७६ साली एंटरप्राइझ हे नाव मिळालं. ते शटल हवेतल्या चाचण्यांसाठी होतं, अंतराळात कधी गेलं नाही, तरी नाव मिळालं. १९७७ साली ट्रॅव्हलर नावाचा एक खेळ निघाला, त्यात खेळणाऱ्यांनी आपापलं यान नियमांत बसवून रचायचं. त्यातला टन वजनाचा नाही, जागेचा आहे: एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा घेतो तेवढी, साधारण १४ घनमीटर. इंजिन मोठं घेतलं की खलाशांच्या खोल्या कमी होतात. प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी यानं बांधणाऱ्यांचा तर ठरलेला महिना आहे. सप्टेंबरात किमान १०० खुंट्या (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) लांबीचं, म्हणजे ८० सेंटिमीटरचं यान पुरं करायचं आणि सगळ्यांपुढं मांडायचं. मांडलं की कुणीतरी उकिडवं बसून पाणी कुठंय ते विचारतंच.

मीही विचारलं. वासोट्याचं पाणी तिनं रिंगेच्या बाहेरच्या कवचात भरलंय, कारण पाण्यातला हायड्रोजन अंतराळातले घातक किरण बऱ्यापैकी अडवतो. पिण्याचं पाणी आणि चिलखत एकच. मी विचारलं, आटलं तर? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ साली ९८ टक्के पाणी परत मिळवण्याची मजल गाठली गेली. तिनं तोच आकडा धरला, माणशी रोज चार लिटर धरले. ३०० माणसांचे रोज १,२०० लिटर, त्यातले २४ लिटर कायमचे गेले. ८५ वर्षांत जवळपास साडेसात लाख लिटर. दहा हजारी टँकरचे ७५ टँकर, आणि भरायला विहीर कुठंच नाही. माण-खटावच्या माणसाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता खरा आक्षेप. साताऱ्यात राहून वैज्ञानिक दृष्टिकोनाबद्दल लिहायचं तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या आठवणीपुढं उभं राहूनच लिहावं लागतं. ते इथलेच, १९४५ चा जन्म, १९८९ साली त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि २०१३ साली पुण्यात त्यांचा खून झाला. चळवळीत काम केलेल्या एका मित्रानं मला सरळ विचारलं, "आधीच खोट्या विमानांनी डोकी भरलीत, त्यात तू आणखी खोटी यानं आणणार?" हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात बाळगला.

खोट्या विमानांचा इतिहास नीट पाहायला हवा. प्राचीन म्हणून मिरवल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्र या ग्रंथातली विमानांची चित्रं १९२३ साली बंगळुरात एका ड्राफ्ट्समननं काढली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली तो ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातलं एकही विमान उडू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. मी स्वतः ड्राफ्ट्समन आहे, म्हणून मला ती चित्रं पाहताना वेगळंच दुःख होतं. रेघ मारणाऱ्या हाताचा त्यात दोष नाही. कल्पनेतलं विमान काढायला कुणाचीच हरकत नसावी. लबाडी सुरू होते ती 'हे मी कल्पिलं' हे वाक्य पुसलं जातं तिथं.

प्रत्येक ड्रॉइंगला खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. कुणी काढलं, कुणी तपासलं, कितवी रिव्हिजन. वासोट्याच्या शीटवर आम्ही त्याच्या वर आणखी एक चौकट आखली आणि तिला गृहीतकं असं नाव दिलं. संलयनाचं इंजिन सलग अनेक वर्षं चालतं, हे गृहीत. असं इंजिन आज नाही. ३०० माणसांचं अन्न रिंगेतच पिकतं, हे गृहीत. ते कुणी करून दाखवलेलं नाही. वाटेत धुळीचा कण आदळला तरी कवच टिकतं, हेही गृहीत, आणि हे सगळ्यात कच्चं. नववीतल्या मुलीला आपल्या लाडक्या यानाबद्दल 'हे सगळ्यात कच्चं' असं स्वतःच्या अक्षरात लिहायला लागणं, याच्याइतकं चांगलं वैज्ञानिक शिक्षण मला माहीत नाही. आपली कल्पना कुठं संपते आणि ज्ञान कुठं सुरू होतं याची रेघ जिनं स्वतः आखलीय, तिच्यापुढं उद्या कुणी बिनचौकटीचं विमान आणून ठेवलं तर ती पहिल्यांदा चौकट शोधेल. मित्राला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, मग चौकट सक्तीची कर. मला मान्य आहे. चौकट नसेल तर टेबल नाही, आणि परीक्षकांनी निम्मे गुण त्या चौकटीलाच द्यावेत.

हल्ली दोन ओळी टाइप केल्या की संगणक झगझगीत यान काढून देतो, मग मुलांच्या कष्टाला अर्थ काय, असंही विचारतात. त्या चित्रातलं पाणी कुठंय ते विचारा. सांगता आलं तर खुशाल मांडू द्या.

मराठीत हे रोप नवीन नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा आली आणि पहिली ठरली. ती डॉ. जयंत नारळीकरांची होती, आपल्या नावाचा प्रभाव पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते टोपणनाव घेतलं होतं. विज्ञानाच्या एका संस्थेनं पन्नास वर्षांपूर्वी कल्पनेला दार उघडलं, त्यानं मराठी विज्ञानाचं भलंच झालं. शाळांना तेवढं एक दार उघडायला काय हरकत आहे? शब्दांचीही अडचण नाही. याच जिल्ह्यात वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं, तिथं शेकडो विषयांना मराठी शब्द मिळाले. कोकणच्या दर्यावर तर नाळ, सुकाणू, डोलकाठी, तांडेल हे शब्द आहेतच. वासोट्यावर कॅप्टन नाही, तांडेल आहे. पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. शीट वाचताना हे शब्द परके वाटत नाहीत, आणि तांडेल म्हटलं की तो माणूस पाण्याचा हिशेब ठेवणारा असणार, असं आपोआप वाटतं.

यंदा मी शिक्षण विभागाला अर्ज लिहिलाय. एक टेबल, मागं शीट लावायला बोर्ड, आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची बघायला येणाऱ्याला, कारण त्यानं बसून प्रश्न विचारायचेत.

आमच्या घरातला पहिला प्रश्न माझ्या आईनं विचारला होता. तिनं शीट डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली आणि नातीला म्हणाली, "सगळं आहे गं, पण निरांजन कुठं लावायचं?" पुतणी हसली नाही. तिनं शोधून काढलं की वजन नसेल तर ज्योत वर जात नाही, गोल होऊन बसते, कारण तापलेली हवा वर चढायला वर आणि खाली असावं लागतं. रिंगेत वजन आहे, तिथं ज्योत सरळ उभी राहील, तिचं टोक रिंगेच्या मध्याकडं. पण ज्योत ऑक्सिजन खाते, आणि ३०० माणसांच्या हवेचा हिशेब आधीच काठोकाठ आहे. सध्या रिव्हिजन सी चालू आहे. निरांजनाची जागा पेन्सिलनं आखलीय, शाई अजून घातलेली नाही.